माझ्या हातात गोठणारे उंदीर

माझं अक्षर वाकडं आहे. शिक्षण चौथीपर्यंत झालं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ कुठे चुकलं ते मला स्वतःलाही कळणार नाही. ओळ सरळ जात नाही, टोकाला जाऊन खाली घसरते. वाचायला त्रास होईल, त्याची माफी आधीच मागून ठेवते. तसं हे कोणाला वाचायला द्यायचं नाही. मी चार लोकांत बोलू शकत नाही, तर लिहिलेलं काय दाखवणार.

पण कॉलेजातली मुलं वाचून टाकलेले दिवाळी अंक मी घरी नेत असे. त्यात डॉक्टर लिहितात, वकील लिहितात, फौजदार लिहितात, की आमची नोकरी अशी होती, आम्हाला असे लोक भेटले. उंदरांची घाण काढणाऱ्या बाईचं मी कुठे वाचलं नाही. म्हणून लिहिते. आणि दुसरं कारण असं की माझा राग अजून गेलेला नाही.

मी सोनाळ्याची. आमच्या जिल्ह्यातल्याच एका औषधशास्त्राच्या कॉलेजात मी बरीच वर्षं प्राणीगृहात काम केलं. एसटीने जायचं, एसटीने यायचं. कॉलेजचं नाव लिहीत नाही. प्राणीगृह म्हणजे कॉलेजच्या मागे पत्र्याच्या शेडजवळची लांब खोली. आत मांडणीवर प्लास्टिकचे पिंजरे, वर जाळीचं झाकण, झाकणात पाण्याची बाटली उलटी खोचलेली. पांढरे उंदीर, लाल डोळे. काही ससे. पिंजऱ्यात खाली भाताचं तूस घालायचं, ते ओलं झालं की बदलायचं. नाही बदललं तर असा वास सुटतो की डोळ्यांतून पाणी येतं, आणि उंदराच्या छातीत घरघर सुरू होते. उंदीर शेपटीला धरून लटकवायचा नाही. पाठीवरून हात घालून, पुढच्या पायांखाली बोटं नेऊन अलगद उचलायचा. तो घाबरला नाही तर चावत नाही.

गावात बाया हसायच्या. शेजारची शांता म्हणायची, "वो कुसुम, आमच्या घरचे बी घेऊन जाय कॉलेजात. फुकट भरती कर त्याईले. पोते कुरतडून राह्यले." एसटीचा एक कंडक्टर तर मला उंदीरवाली बाईच म्हणायचा. मी खाली पाहून तिकीट घ्यायचे.

मुलांची तऱ्हा वेगळी. प्रॅक्टिकलच्या परीक्षेला एकदा एका मुलाने पिंजऱ्यासमोर हात जोडले. म्हणाला, "भाऊ, आजच्या दिवस चावू नको बे. मायले सांगून आलो पास होतो म्हणून." उंदराने त्याच्या शर्टावर मुतलं. तो पास झाला, जाताना मला पेढा देऊन गेला आणि एक पेढा पिंजऱ्यासमोर ठेवून गेला. उंदराला पेढा देता येत नाही, तो मी खाल्ला. एका मुलीने सुई टोचायच्या आधीच डोळे पांढरे केले. तिला मी उचलून बाहेर आणलं, तर शुद्धीवर येऊन ती विचारते, "मावशी, उंदीर बरा आहे ना?" अशी माणसं होती म्हणून इतकी वर्षं निघाली.

आता रागाची गोष्ट.

विभागाचे जे प्रमुख होते त्यांना सगळे मोठे सर म्हणत. त्यांच्या हाताखाली पल्लवी नावाची मुलगी पीएच.डी. करत होती. बीबी गावची. घरून डबा आणायची आणि अर्धा मला द्यायची. तिचं काम भीतीवर होतं. एका पेटीत खाली लोखंडी सळ्या. उंदीर आत ठेवायचा, बझर वाजवायचा, आणि बझर संपता संपता सळ्यांतून विजेचा हलका झटका द्यायचा. असं काही वेळा केलं की नुसता बझर वाजला तरी उंदीर गोठून बसतो. मिशीसुद्धा हलवत नाही. पोटाची तेवढी धडधड दिसते. ही त्याची भीती.

मग पुढचे दिवस उलटं. त्याच पेटीत बझर वाजवायचा, झटका द्यायचा नाही. पहिल्या दिवशी उंदीर गोठतो, दुसऱ्या दिवशी थोडा कमी, मग हळूहळू हिंडायला लागतो, तोंड धुतो. म्हणजे भीती सुटली. पल्लवी सातपुड्यातल्या एका मुळीचा अर्क काही उंदरांना देत होती आणि काहींना नुसतं पाणी. अर्कवाल्यांची भीती लवकर सुटते का, हे तिला पाहायचं होतं.

मी विचारलं, "मुळीचा अन् भीतीचा काय संबंध वो?"

ती म्हणाली, "मावशी, भाकरी पुष्कळ वेळ चावली की गोड लागते का नाही?"

"लागते."

"ते लाळेतलं एन्झाइम करतं. भाकरीतल्या पिठाची साखर करून देतं, अन् स्वतः तसंच राहतं, पुढच्या घासाला पुन्हा कामाला. अशी पुष्कळ एन्झाइम मेंदूत असतात. उंदीर नवीन काही शिकतो ते त्यांच्यामुळेच. पण त्यातलं एक असं आहे की ते नवीन शिकण्यावर हात दाबून धरतं. माझी मुळी त्या एकाला अडवते, असं मला वाटतं. ते अडलं की उंदीर लवकर शिकंल, आता बझर झाला तरी भ्यायचं नाही."

"अन् हे समजते कसं, की एन्झाइम अडलं म्हणून?"

तिने पेटीचं झाकण लावून घेतलं. मग म्हणाली, "शेवटी मेंदू काढून पाहावा लागतो."

मी पुढे विचारलं नाही. उंदरांवर प्रयोग करायच्या परवानगीचा कागद भिंतीला लावलेला होता. माझं काम पिंजऱ्यांचं.

उंदीर पेटीपर्यंत न्यायचे कोणी, तर मीच. मुलांच्या हातात ते उड्या मारत. मोठे सर म्हणाले, "कुसुमबाईच आणतील. तिच्या हातात शांत असतात." ते ऐकून मला बरं वाटलं होतं, हे कबूल करते. माझ्या हातात काचेच्या बांगड्या. त्या वाजल्या की उंदीर पिंजऱ्याच्या तोंडाशी येऊन नाक वर करायचे, कारण खाणं मीच घालत असे. मी एकेकाला उचलायचे, पदराच्या आडोशाने न्यायचे, पेटीत सोडायचे आणि बाहेर उभी राहायचे. आत बझर. मग चीं असा आवाज. पुन्हा उचलायचे, पिंजऱ्यात ठेवायचे.

झटक्याचे दिवस संपले आणि दुसऱ्या दिवसापासून झटक्याशिवायचे दिवस सुरू होणार होते. त्या संध्याकाळी मोठ्या सरांनी मला बोलावलं. त्यांचा बंगला कॉलेजच्या मागेच. मुलीचा साखरपुडा होता. म्हणाले, "उद्यापासून आठवडाभर घरी ये. बाईसाहेबांना मदत लागेल."

मी हळूच म्हटलं, "उंदीर कोण नेईन सर?"

"प्रभाकर नेईल. उंदीर न्यायला काय डिग्री लागते?"

प्रभाकरभाऊ म्हणजे प्रयोगशाळेचे शिपाई. तंबाखू खाणारा साधा माणूस. बांगड्या नाहीत, साडी नाही, हाताला तंबाखूचा वास.

मी आठवडाभर सरांच्या घरी पोळ्या लाटल्या, भांडी घासली, पाहुण्यांचे पलंग लावले. साखरपुड्याच्या दिवशी सकाळी पाहते तर पल्लवी अंगणात बसून रांगोळी काढते आहे. पीएच.डी.ची मुलगी. तिने मला पाहिलं, मी तिला. बाईसाहेब गच्चीवरून म्हणाल्या, "मोराची मान जरा बारीक कर गं."

मी परत कामावर गेले तेव्हा उंदरांच्या परीक्षेचा दिवस होता. बाहेरून दोन पाहुणे आले होते, सरांच्या कामाला पैसे द्यायचे की नाही ते ठरवणारे. पल्लवी खूश होती. म्हणाली, "मावशी, अर्कवाले दोन दिवसांत शिकले. आता बझर वाजला तरी फिरतात."

मी खोलीत शिरले. बांगड्या वाजल्या आणि सगळे उंदीर पिंजऱ्याच्या मागच्या कोपऱ्यात गेले. एकही तोंडाशी आला नाही. मी हात घातला तर पहिला उंदीर हातात दगडासारखा झाला. एका कानाला चीर पडलेला एक होता, तो पिल्लू असल्यापासून माझ्या मनगटावर चढायचा. तो माझ्या बोटांत मुतला आणि थरथरत राहिला. मी त्यांना नेलं. पेटीत सोडलं. अजून बझर वाजलाही नव्हता आणि ते गोठलेले. बझर वाजला, तरी तसेच. पाणीवाला तसा, अर्कवाला तसा. एक, दोन, तीन, सगळे.

पाहुण्यांतला एक म्हणाला, "ही बाई आत आली की हे असे का बसतात?"

मोठ्या सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग पाहुण्यांकडे वळून हसले. म्हणाले, "खालचा स्टाफ असा असतो. मारत असणार. लक्ष नसलं की काय करतील सांगता येत नाही."

मी तिथेच होते, हातात उंदीर धरून. मी म्हणायला लागले, "सर, मी तर आठवडाभर तुमच्याच..."

"मध्ये बोलू नकोस. बाहेर हो."

मी बाहेर झाले. माझी जीभ अशी आहे की ती गरजेच्या वेळी आत ओढली जाते. लहानपणापासून अशीच. पण त्या दिवशी ती आत ओढली गेली नव्हती. त्या माणसाने ती आत ढकलली होती. ह्यात फरक आहे, आणि तो मला लिहायचा आहे.

दोन दिवसांनी ऑफिसातून समजलं की माझे त्या आठवड्याचे दिवस गैरहजर लावले आहेत. आणि उंदीर, अर्क, वाया गेलेलं काम ह्याची भरपाई माझ्या पगारातून महिन्या-महिन्याने कापणार. कारण लिहिलं होतं, प्राण्यांना क्रूर वागणूक. ज्या माणसाच्या पाहुण्यांच्या उष्ट्या ताटांवर मी राख फिरवत होते, त्यानेच मला गैरहजर लावलं होतं.

पैशाचं मी सांगत नाही, पैसा गेला तर उपास काढता येतो. मला ते दोन शब्द खात होते. क्रूर वागणूक. प्रभाकरभाऊंनीसुद्धा मला बाजूला घेऊन विचारलं, "खरं सांगा कुसुमबाई, एखाद्या वक्ती रागारागात हात उचलला असंल. होते मानसाकून."

"नाई उचलला."

"मंग थे काऊन भेतात तुमाले?"

उंदीर खोटं बोलत नाहीत. ते मला भीत होते, हे मी माझ्या हातांनी पाहिलं होतं. घरी भाकरी थापताना मी माझे हात पाहायचे. मी झोपेत काही करते का, इथपर्यंत विचार गेला. एवढं माणसाला स्वतःवर उलटवता येतं.

पल्लवीचाही राग आला, तो अजून आहे. तिला माहीत होतं मी कुठे होते. मी तिला म्हटलं, "पोरी, तू तर पाह्यलं मले तिथं. सांग ना सरांले."

ती खाली पाहून म्हणाली, "मावशी, माझ्या डिग्रीवर सही त्यांची लागते."

मग तिचा डबा मी घेणं बंद केलं.

महिना होत आला तेव्हा ती एक दिवस धावत शेडमध्ये आली. मी तूस चाळत होते. म्हणाली, "मावशी, झटक्याच्या दिवसांत कोण नेत होतं?"

"मी."

"अन् भीती सुटायच्या दिवसांत?"

"प्रभाकरभाऊ."

"अन् परीक्षेला पुन्हा तुम्ही." तिने कपाळावर हात मारला. "मी गाढव आहे वो. वाचलेलं होतं मी हे. भीती पुसली जात नाही. ती तशीच खाली राहते. तिच्यावर दुसरं शिकणं बसतं, की आता धोका नाही. अन् हे दुसरं शिकणं जागा पाहून, वास पाहून, माणूस पाहून बसतं. प्रभाकरभाऊंच्या हातात त्यांना समजलं की आता झटका नाही. तुमच्या बांगड्या वाजल्या की पुन्हा ते झटक्याचेच दिवस. माझी मुळी खोटी नाही. एन्झाइम अडलं होतं. माणूस बदलला म्हणून सगळं उलटं दिसलं."

मी चाळणी खाली ठेवली. पल्लवी माझ्यासाठी बोलत नव्हती, तिच्या मुळीसाठी बोलत होती. पण माझ्यासाठी बोलणारं दुसरं कोणी नव्हतं, म्हणून ऐकून घेतलं.

ती सरांकडे गेली. सर आधी ओरडले. मग त्यांना समजलं की हे सिद्ध झालं तर पाहुण्यांना कळवता येईल आणि पैसे मिळतील. उंदीर अजून ठेवलेलेच होते, माझ्यावर आळ आल्यापासून त्यांचं खाणं प्रभाकरभाऊ घालत. ठरलं असं, की अर्धे उंदीर प्रभाकरभाऊ नेतील, अर्धे मी. बघायला सर, पल्लवी, ऑफिसचे क्लार्क साहेब.

प्रभाकरभाऊंनी नेलेले उंदीर बझर वाजला तरी हिंडले. अर्कवाले जास्त, पाणीवाले थोडे कमी. एकाने तर मागच्या पायांवर उभं राहून पेटीचं झाकण हुंगलं. क्लार्क साहेब म्हणाले, "हे त मजेत हाय!"

मग माझी पाळी. मला माहीत होतं काय होणार, आणि तेच व्हावं असं मला वाटायला हवं होतं. ते गोठले नाहीत तर मी खोटी. ते गोठले तर मी खरी. बांगड्या काढून ठेवाव्यात असं फार मनात आलं. पण काढल्या असत्या तर सगळंच फसलं असतं. मी हात घातला. ते कोपऱ्यात दाबून बसले, एकमेकांच्या अंगाखाली तोंड खुपसून. मी एकेकाला उचललं. कान चिरलेल्याला उचललं. पेटीत सोडलं. तो गोठला. पल्लवी पुटपुटत होती, "बरोबर, बरोबर." ज्यांना मी मोठं केलं ते मला भ्याले, तेव्हा माझ्यावरचा आळ उतरला.

मोठे सर म्हणाले, "चला, म्हणजे मेथडचा प्रश्न होता." माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

दुपारी सगळे उंदीर मेंदू पाहायला घेतले. पिंजरे मीच नेऊन दिले. खोलीच्या दारात पल्लवी म्हणाली, "मावशी, तुम्ही जा आता." मी गेले नाही. मी दाराबाहेर उभी राहिले, आणि मोकळे पिंजरे घेऊन आले, आणि धुतले. एन्झाइम किती अडलं होतं ते पुढे तिच्या प्रबंधात आकड्यांनी आलं म्हणतात. त्यात लिहिलं आहे की मध्ये उंदीर हाताळणारी व्यक्ती बदलली. का बदलली ते लिहिलेलं नाही. मुलीचा साखरपुडा कोणत्याच प्रबंधात येत नाही.

पगार कापणं मात्र चालूच राहिलं. सिद्ध झालं तरी चालू. मी ऑफिसात गेले, तर क्लार्क साहेब म्हणाले, सरांनी लिहून दिल्याशिवाय बंद होत नाही. सरांकडे गेले. दारात उभी राहिले. त्यांनी खिशातून पाकीट काढलं, नोटा पुढे केल्या. "घे. मिटव हे."

मी नोटांना हात लावला नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्या तोंडाकडे पाहून बोलले. "सर, खिशातले नका देऊ. पगारातून कापले, पगारात येऊ द्या. अन् थे दोन शब्द काढून टाका."

"कोणते शब्द?"

"तुमीच लिहिलेले."

ते लाल झाले. "तुला माहीत आहे का तू कोणाशी बोलतेस?"

"हाव सर. तुमच्या घरी आठ दिवस राह्यली मी. चांगलं माहीत आहे."

मी बाहेर आले. प्रभाकरभाऊ दाराशीच होते, सगळं ऐकत. म्हणाले, "कुसुमबाई, आज काय खाऊन आल्ता वो?" आणि तंबाखूची पुडी पुढे केली. मी खात नाही. त्या दिवशी चिमूटभर घेतली आणि थुंकून दिली.

मला कामावरून काढतील असं वाटलं होतं. काढलं नाही, कारण पैसे ठरवणारे ते पाहुणे त्या महिन्यात पुन्हा तपासणीला यायचे होते आणि पिंजरे धुणारं दुसरं कोणी मिळत नव्हतं. पल्लवीने एक केलं. सरांची सही तिच्या प्रबंधावर झाली त्याच दिवशी ती ऑफिसात गेली आणि मी त्या आठवड्यात कुठे होते ते लिहून दिलं. सही झाल्यावर. आधी नाही. तरी तिने लिहून दिलं. मी तिचा डबा पुन्हा घेतला, पण पहिल्यासारखा गोड लागला नाही.

त्यानंतरही बरेच महिने गेले. दर पगाराला मी पाहायचे, पैसे तेवढेच कापलेले. मी ऑफिसच्या बाकावर जाऊन बसायचे. काही बोलायचे नाही. लाजऱ्या माणसाला बसून राहता येतं, ते मला छान येतं. क्लार्क साहेब आधी हसायचे, मग चिडायचे, मग मला पाहून त्यांना पाणी प्यावंसं वाटायचं.

एक दिवस त्यांनीच हाक मारली. कागद दाखवला. क्रूर वागणूक हे शब्द खोडून वर मोठ्या सरांनी सही केलेली होती, मागे पल्लवीने लिहून दिलेला कागद जोडलेला. सगळी कपात परत, गैरहजर लावलेल्या दिवसांसकट. दुपारी बँकेत जाऊन आले. मग ऑफिसात सांगायला गेले.

क्लार्क साहेब म्हणाले, "झालं ना मावशी आता समाधान? राग गेला ना?"

मी म्हटलं, "पैसे पूर्ण आले, साहेब."